दंतजन्य चेहरा-संसर्ग

किडलेला दात किंवा सुजलेली हिरडी यांच्या वाटेने जंतू जबड्याभोवतीच्या मऊ ऊतींत शिरल्यामुळे चेहऱ्यावर अथवा मानेवर येणारी सूज. कुडाळसारख्या तालुक्याच्या गावी गाल सुजलेला रुग्ण अनेकदा आधी खाजगी दंतवैद्याकडेच येतो. त्याला इथेच बरे करायचे की पुढे पाठवायचे, हा निर्णय तिथल्या तिथे घ्यावा लागतो.

कीड आतल्या मज्जेपर्यंत गेली की मज्जा मरते, जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि हाड पोखरून पू बाहेर येतो. वरच्या सुळ्याचा पू डोळ्याखाली साचतो, खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाढेचा जबड्याखाली. जबडा, जीभ आणि हनुवटी यांखालच्या जागा दोन्ही बाजूंनी सुजल्या तर त्याला लुडविग अंजायना म्हणतात. जर्मन वैद्य विल्हेल्म फ्रीडरिश फोन लुडविग यांनी १८३६ साली त्याचे वर्णन केले. यात जीभ वर-मागे ढकलली जाऊन श्वास कोंडतो. प्रतिजैविके येण्यापूर्वी निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत.

उपचाराचा गाभा म्हणजे पू मोकळा करणे आणि मूळ दाताचा बंदोबस्त: रूट कॅनाल किंवा दात काढणे. ‘सूज उतरल्याशिवाय दाढ काढायची नाही’ हा समज घरोघरी आहे आणि त्यात मोलाचे दिवस जातात. गोळ्यांनी ठणका थांबतो, रुग्ण येईनासा होतो, पण जंतूंचे घर तसेच राहते. गालावर बाहेरून गरम शेक देणेही टाळावे; पू कातडीकडे येऊन फुटण्याची भीती असते. पुवाच्या जागी ऊती आम्लधर्मी झालेल्या असल्याने भूल नीट चढत नाही, म्हणून सुजेपासून दूर नस बधिर करतात. ताप असेल किंवा सूज पसरत असेल तर प्रतिजैविक द्यावे. प्रौढांना साधारणपणे अमॉक्सिसिलिन ५०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का हे विचारूनच. मधुमेह असल्यास रक्तातली साखर लगेच तपासावी. तिसऱ्या दिवशी रुग्णाला पुन्हा पाहणे टाळू नये.

तोंड न उघडणे हे धोक्याचे लक्षण. मात्र सुपारी-गुटखा खाणाऱ्यांत गालाची आतली त्वचा आधीच ताठरलेली असू शकते. म्हणून ‘तोंड कधीपासून कमी उघडते?’ हे विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. थुंकी गिळता न येणे, आवाज घोगरा होणे, जिभेखालचा भाग वर उचलला जाणे, डोळा मिटण्याइतकी सूज, धाप, ग्लानी यांपैकी काहीही दिसले तर दवाखान्यात वेळ न दवडता रुग्णाला ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात पाठवावे. गाडीत आडवे झोपवू नये, बसवूनच न्यावे. आधी फोन करावा आणि दिलेल्या औषधांची वेळ-मात्रा लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी.