हिरोकाझू कानाझावा : अजिंक्यपदाकडून अध्यापनाकडे

जपान कराटे असोसिएशनने १९५७ साली टोकियो येथे पहिली अखिल जपान अजिंक्यपद स्पर्धा भरविली. कुमिते म्हणजे प्रत्यक्ष लढतीच्या प्रकारात उतरलेल्या हिरोकाझू कानाझावा यांचा हात स्पर्धेच्या काही दिवस आधी सरावात मोडला होता. माघार घेण्याचा विचार त्यांच्या मनात पक्का होत आला होता. त्याच सुमारास मुलाचा खेळ पाहण्यासाठी त्यांच्या मातोश्री गावाहून आल्या. एक हात निकामी असला तरी दुसरा हात आणि दोन पाय आहेतच ना, असे त्यांनी विचारले. ही हकीकत कानाझावा पुढे स्वतःच सांगत असत. ते लढले आणि अजिंक्य ठरले.

कराटेविषयी लिहिताना हा प्रसंग हमखास सांगितला जातो. त्या विजयानंतरची साठ वर्षे मात्र तुलनेने दुर्लक्षित राहतात. वास्तविक कानाझावा यांचे मोठेपण त्या वर्षांत आहे.

कानाझावा यांचा जन्म १९३१ साली जपानच्या इवाते प्रांतात झाला. आधी ज्युदोचा सराव असलेला हा तरुण ताकुशोकु विद्यापीठात कराटेकडे वळला. तेथे मासातोशी नाकायामा यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. शोतोकान शैलीचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी हयात असतानाच्या अखेरच्या पिढीतील ते विद्यार्थी होत. ओकिनावा बेटावरील ही विद्या १९२२ साली टोकियोत सादर करणाऱ्या फुनाकोशींना लढतींच्या स्पर्धा मान्य नव्हत्या. कराटे हे स्वतःला घडविण्याचे साधन आहे, कोणाला हरविण्याचे नव्हे, अशी त्यांची धारणा होती. एप्रिल १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. गुरूंना न रुचलेल्या वाटेवरचा पहिला विजेता होण्याचा मान कानाझावा यांच्याकडे आला. हा विरोधाभास त्यांच्या पुढील वाटचालीत सतत जाणवतो.

त्या काळचे नियम आजच्या गुणसंख्येच्या खेळापेक्षा फार वेगळे होते. एकच निर्णायक फटका, म्हणजे ‘इप्पोन’, लढत संपवीत असे. फटका पूर्ण ताकदीचा असावा, पण प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला लागण्याआधी थांबावा, ही अट होती. हातात मोजे नसत. अशा लढतीत उतावीळपणा महागात पडतो. १९५८ च्या अंतिम फेरीत याचा टोकाचा प्रत्यय आला. कानाझावा यांच्यासमोर होते ताकायुकी मिकामी. दोघेही असोसिएशनच्या प्रशिक्षक अभ्यासक्रमाच्या पहिल्या तुकडीतले. एकमेकांची प्रत्येक हालचाल ठाऊक असलेले. मुदत वाढवूनही निर्णय लागेना, तेव्हा दोघांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. त्याच वर्षी काता, म्हणजे ठरावीक हालचालींच्या सादरीकरणाचे अजिंक्यपदही कानाझावा यांनीच पटकावले. हल्ली काता आणि कुमिते यांचे खेळाडू बहुधा वेगवेगळे असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या दुहेरी यशाचे मोल कळते.

स्पर्धक म्हणून त्यांची कीर्ती उभी आहे ती प्रामुख्याने या दोन वर्षांवर. १९६१ मध्ये असोसिएशनने त्यांना हवाईला प्रशिक्षक म्हणून पाठविले. १९६५ मध्ये तेजी कासे, केनोसुके एनोएदा आणि हिरोशी शिराई यांच्यासह ते प्रात्यक्षिकांच्या विदेश दौऱ्यावर निघाले आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये शिकवू लागले. एनोएदा यांनी पुढे ब्रिटनलाच आपली कर्मभूमी केली. मिकामी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला स्थिरावले. जपानबाहेर कराटे रुजले ते या एका पिढीच्या पायपिटीमुळे. मुंबई-पुण्यात शाळेच्या पटांगणावर किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये शोतोकान शैलीत ‘हेयान’ काता गिरविणारी मुले नकळत त्याच परंपरेशी जोडली जातात.

कानाझावा यांची शिकविण्याची रीत मवाळ होती, असे म्हणता येणार नाही. परंतु तिचा भर ताकदीपेक्षा श्वास, तोल आणि सैलपणा यांवर होता. यांग मिंग-शी यांच्याकडे ते चिनी ताई ची शिकले. ताई चीच्या संथ, वर्तुळाकार हालचालींचा कराटेला उपयोग होतो, असे त्यांचे मत होते. अजिंक्यपद मिळविलेल्या माणसाने परक्या विद्येचा विद्यार्थी होऊन पुन्हा प्राथमिक धडे गिरवावेत, हे जपानी गुरुपरंपरेच्या शिस्तीत तितकेसे सोपे नव्हते. इतर शैलींतील काही काताही त्यांनी आपल्या अभ्यासक्रमात सामावून घेतल्या.

१९७७ च्या सुमारास ते ज्या संस्थेने त्यांना घडविले तिच्यातून बाहेर पडले. १९७८ मध्ये त्यांनी शोतोकान कराटे-डो इंटरनॅशनल फेडरेशनची स्थापना केली. मातृसंस्था सोडण्याची किंमत लहान नसते. मात्र विविध देशांतील अनेक शिष्य त्यांच्याबरोबर आले. या संघटनेने १९८३ मध्ये टोकियोत स्वतःची पहिली जागतिक स्पर्धा घेतली. फुनाकोशींचा आक्षेप ठाऊक असूनही कानाझावा यांनी स्पर्धा नाकारली नाही. तिला प्रशिक्षणातील एक टप्पा मानले.

उतारवयातही देशोदेशी शिबिरे घेणाऱ्या कानाझावा यांचे ८ डिसेंबर २०१९ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी निधन झाले. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेचा प्रथमच समावेश झाला. तो पाहण्यास ते नव्हते. त्यांच्या पश्चात संघटनेची धुरा पुत्र नोबुआकी कानाझावा यांच्याकडे आली.