फोटोच्या पाठीवर

छायाचित्रकाराजवळ दोन पेट्या असतात. एकीत त्याने काढलेले फोटो असतात. दुसरी त्याच्या डोक्यात असते आणि तीत ते फोटो कसे निघाले याच्या आठवणी असतात. पहिली पेटी त्याच्यामागे मुलाबाळांच्या हाती पडते, दुसरी त्याच्याबरोबरच जाते. गवई, नट, तमासगीर यांच्या बाबतीत या दुसऱ्या पेटीचे मोल फार. चेहरा कागदावर उतरतो. पण तो कोणाचा, कोणत्या गावच्या मुक्कामातला, हे कागद आपण होऊन कधी सांगत नाही.

अकोले तालुक्यातील राजूरसारख्या गावी हे विशेष जाणवते. भंडारदऱ्याच्या वाटेवरचे हे गाव डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी प्रसिद्ध आहे. पावसाळा सरला, भात निघाले, की या डोंगरपट्ट्यात यात्रा-जत्रांना जोर चढतो आणि ढोलकी कडाडल्याखेरीज जत्रेला जत्रा म्हणायला कोणी तयार नसते. दसऱ्याला बाहेर पडलेले तंबूचे फड बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव हिंडतात. रात्री हजारोंनी पाहिलेली माणसे सकाळी ट्रकमध्ये बसून पुढच्या गावी निघून जातात. मागे उरते ती खुंट्यांची भोके पडलेली जमीन, आणि क्वचित कोणाच्या घरी एखादा पिवळा पडलेला फोटो.

याला काही अंशी यंत्रही जबाबदार आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. त्या काळच्या काचेच्या प्लेटीला भरपूर उजेड लागे आणि माणसाला श्वास रोखून बसावे लागे. गण-गवळण, बतावणी आणि वग हा सारा रात्रीचा, गॅसबत्तीच्या उजेडातला, क्षणभर स्वस्थ न राहणारा खेळ. तो त्या प्लेटीवर उतरावा कसा? पण यंत्राहून मोठी अडचण दृष्टीची होती. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यात माणसांची ओळख दिली आहे ती बहुधा जातीने. नावाने ओळखला जाण्याचा मान थोड्यांच्याच वाट्याला आला.

मराठी रंगभूमीने तो मान लवकर मिळवला. बालगंधर्वांचे स्त्रीवेशातील फोटो घरोघर भिंतीवर लागले आणि त्यांचे नेसणे, त्यांचे दागिने कुलीन स्त्रियांनी उचलले. बैठकीचे गवई फेटा बांधून, छातीवर पदके लावून, रंगवलेल्या पडद्यासमोर बसू लागले. हे फोटो ताठ आहेत खरे, पण त्यांच्याखाली नाव आहे.

पुढे फिल्मही वेगवान झाली. कोडॅकची ट्राय-एक्स १९५४ साली रोलच्या रूपात आली आणि मंचावरच्या उजेडात गाता गाता फोटो काढणे आवाक्यात आले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५३ मध्ये, पुण्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला होता. पुण्याच्या सतीश पाकणीकरांसारख्या छायाचित्रकारांनी पुढे या मैफलींतून जे काम केले, ते नुसते तंत्राचे नव्हे. फ्लॅश उडवला तर गायकाची समाधी मोडते. तंबोऱ्यांच्या शांततेत शटरचा आवाजही मोठा वाटतो. समेवर येताना हात कधी उठणार हे ज्याला ऐकून कळते त्यालाच तो हात फोटोत सापडतो. या मंडळींच्या आठवणी लोक आवडीने वाचतात, कारण ज्याच्याविषयी त्या आहेत त्याचे नाव वाचकाला आधीच ठाऊक असते.

तमासगिराचे तसे नाही. वास्तविक राजूरच्या शेजारचा संगमनेर तालुका म्हणजे तमाशाचे माहेर. पठ्ठे बापूरावांची (१८६६–१९४५) लावणी जिच्या गळ्याने गाजली ती पवळा याच तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची. तिचे नाव ज्यांना माहीत आहे त्यांपैकी किती जणांच्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा उभा राहतो? पुरुषी भूमिका तडफेने करणाऱ्या कांताबाई सातारकर २०२१ मध्ये गेल्या त्याही संगमनेरातच. पुढे नारायणगावच्या विठाबाई. खेळ चालू असता पडद्यामागे बाळंत होऊन, दगडाने नाळ तोडून त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. ही तर शिखरावरची माणसे. त्यांच्यामागे शंभर-शंभर माणसांचे फड होते: ढोलकीवाले, हलगीवाले, सोंगाडे, झीलकरी, आणि फडाचा स्वयंपाक करणारेही. यांतले बहुतेक दलित आणि भटक्या समाजांतले. त्यांच्या कलेवर शिट्ट्या वाजवणाऱ्या समाजाला त्यांची नावे टिपून ठेवावीशी वाटली नाहीत.

ही उणीव भरण्याचा मोठा प्रयत्न संदेश भंडारे यांनी केला. त्यांचे ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे छायाचित्रांचे पुस्तक लोकवाङ्मय गृहाने प्रसिद्ध केले आहे. कॅमेरा घेऊन ते फडांबरोबर हिंडले. त्यामुळे तमाशा बोर्डावर जेवढा दिसतो तेवढाच नसतो, हे पाहणाऱ्याला कळते. कनातीमागे पोर झोपवून चाळ बांधणारी बाई ज्याने पाहिली, त्याला तिच्या लावणीकडे केवळ गंमत म्हणून पाहता येत नाही. छायाचित्रकार फडाबरोबर राहिला तरच हे घडते. एका रात्रीच्या पाहुण्याला एका रात्रीचाच फोटो मिळतो.

पण एका माणसाच्या पायपिटीने हे काम पुरे होणारे नाही. तालुक्याच्या गावांतील जुन्या स्टुडिओंतून किती काचा धुऊन तसबिरींना बसवल्या गेल्या असतील, किती रोल रद्दीत गेले असतील! जे उरले त्यावर डोंगरपट्ट्यातला पाऊस टपलेला आहे. दमट हवेत निगेटिव्हच्या जिलेटिनवर बुरशी धरते आणि आधी चेहराच खाऊन टाकते. चेहरा वाचला तरी नाव सांगणारे म्हातारे दर वर्षी कमी होत आहेत. याच डोंगरांत बोहाड्याची सोंगे निघतात. तिथे मुखवटा चढवून नाचणारा स्वतःचे नाव काही काळ देवाच्या स्वाधीन करतो. ते त्याने आपखुशीने केलेले असते. तमासगिराचे नाव मात्र आपल्या हलगर्जीपणाने गेले.

यावर उपाय अगदी साधा आहे. घरात असा एखादा फोटो असेल तर ज्याला आठवते आहे त्याच्यासमोर तो ठेवावा, आणि कलावंताचे नाव, गाव, फड, साल विचारून पाठीवर हलक्या हाताने पेन्सिलीने लिहावे. शाई पाझरते, पेन्सिल टिकते. फोटो काढणारा हयात असेल तर त्याला आधी बोलते करावे. त्याची दुसरी पेटी उघडण्याची वेळ तीच. ज्या कलावंताने रात्रभर जागून गाव हसवले, त्याला निदान एवढी बिदागी अजून देणे आहे.