मुंबई नगरसुधार न्यास

मुंबई शहरातील दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढणे, रोगट घरे पाडणे आणि गरिबांसाठी आरोग्यदायक निवासस्थाने बांधणे या हेतूंनी १८९८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेली वैधानिक संस्था. ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ या नावाने ती लोकांत परिचित होती. रस्तेबांधणी व अल्प भाड्याची घरे ही दोन्ही कामे एकाच कायद्याने एकाच संस्थेकडे सोपविण्याचा भारतातील हा पहिला मोठा प्रयत्न होय.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात ग्रंथिक ज्वराची (प्लेगची) साथ उद्‌भवली. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तिचे निदान केले. कोंदट चाळी व अरुंद गल्ल्या हे साथीचे मूळ मानले गेल्याने गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारकीर्दीत न्यासाची स्थापना झाली. त्यापूर्वी ग्लासगो शहरात १८६६ पासून अशा प्रकारचा न्यास कार्य करीत होता.

सरकारच्या व नगरपालिकेच्या मोकळ्या जमिनी, नगरपालिकेचे वार्षिक अंशदान आणि कर्जे ही न्यासाची मुख्य साधने होती. नव्या रस्त्यालगतची जमीन संपादून तिचे भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यावयाचे व वाढलेल्या मूल्यातून योजनेचा खर्च भरून काढावयाचा, अशी ही व्यवस्था होती. समुद्रावरील वारा शहराच्या अंतर्भागात खेळावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे पूर्व-पश्चिम रस्ते काढण्यात आले. नागपाडा येथे दाट वस्तीची पुनर्रचना झाली, आग्रीपाडा येथे चाळी उभारण्यात आल्या, तर दादर-माटुंगा भागात आखीव वसाहती वसल्या.

तथापि रस्त्यांची व घरांची गती सारखी राहिली नाही. घरे आधी पाडली जात. पर्यायी खोल्या उशिरा व पुष्कळदा कामाच्या ठिकाणापासून दूर मिळत. विस्थापित कुटुंबे शेजारच्याच चाळींत शिरल्याने तेथील दाटी वाढली. दादर-माटुंग्याच्या वसाहतींचा लाभ मुख्यतः मध्यम वर्गाला झाला. न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी सरसकट पाडापाडीऐवजी जुन्या घरांत उजेड व हवा आणण्यावर भर दिला. खोलीच्या खिडकीसमोर पुरेसे मोकळे आकाश राहावे, यासाठी त्यांनी ६३ १/२ अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम पुरस्कारिला.

पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी स्वतंत्र विकास खाते निर्माण केले. कापसाच्या गाठींवरील जकातीचा आधार घेऊन या खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. न्यासाचा कारभार नगरपालिकेकडे सोपविण्यासाठी १९२५ मध्ये कायदा झाला व १९३३ मध्ये विलीनीकरण पूर्ण झाले. महानगरपालिकेतील सुधार समिती हा त्याचाच वारसा आहे. रस्त्यासाठी हलविलेल्या कुटुंबाला घर केव्हा व कोठे मिळावे, हा न्यासापुढील प्रश्न मुंबईच्या नगररचनेत पुढेही कायम राहिला.