महाराज निघाले आणि वाडी वसली

मंडळी, गाव कशानं वसतं? कुठं विहिरीला गोडं पाणी लागलं म्हणून, कुठं बाजाराची वाट म्हणून, कुठं पाटलानं कुळं आणून बसवली म्हणून. आज जिची कथा लावली आहे ती शिरोळ तालुक्यातली नरसोबाची वाडी यातल्या कशानंच वसली नाही. कृष्णा आणि पंचगंगा यांचा हा संगम. पावसाळ्यात दोघीही फुगतात. शहाणा माणूस तिथं घर बांधील का हो?

पंधराव्या शतकातली हकीकत. कारंज्याला जन्मलेले श्रीनृसिंहसरस्वती महाराज औदुंबर क्षेत्री चातुर्मास करून पुढे या संगमावर आले आणि १२ वर्षे राहिले. इथं औदुंबराची झाडं आणि रान. माणसांची वस्ती पलीकडच्या तीरावर, अमरापुरी. तेच आजचं औरवाड. अमरेश्वराचं देऊळ अजून आहे. महाराज भिक्षेला तिकडं जात. गुरुचरित्राच्या १८ व्या अध्यायातली घेवड्याची कथा तुम्हाला पाठ आहे. गरिबाच्या दारचा एक वेल, त्याच्या शेंगांवर घर चालायचं. महाराजांनी भिक्षा घेतली आणि जाताना वेलच उपटला! बाई रडायला लागली. घरधन्यानं मूळ काढायला खणलं, तर खाली द्रव्याचा कुंभ.

बरं का, १२ वर्षांनी महाराजांनी या तीरालाही तेच केलं. गाणगापूरला निघाले. चौसष्ट योगिनी रडू लागल्या, तेव्हा महाराजांनी वचन दिलं, आम्ही या औदुंबरातळी राहूच. मागं राहिल्या पादुका. त्या मनोहर पादुका. आश्विन वद्य द्वादशीला, गुरुद्वादशीला, वाडीत उत्सव होतो तो याचाच.

आता पाहा, महाराज होते तोवर इथं गाव नव्हतं. गाव झालं ते महाराज गेल्यावर! पादुका आहेत म्हणजे त्रिकाळ पूजा हवी, पूजेला माणूस हवा. जवळच्या आलास गावचे भैरंभट, वय झालेले, पोटी संतान नाही. त्यांच्यावर महाराजांनी पूजा सोपवली आणि वंश वाढेल असा आशीर्वाद दिला, अशी वाडीची परंपरा सांगते. आजचे पुजारी स्वतःला त्यांचेच वंशज म्हणवतात. एका घराची पूजा, तिचं गाव झालं.

पुढं विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी इथं परत आली, म्हणून त्यानं देऊळ बांधलं आणि औरवाड, गौरवाड ही गावं पूजेला लावून दिली असं सांगतात. देवळाला कळस नाही, बांधणी मुसलमानी धाटणीची. नवखा यात्रेकरू क्षणभर थबकतोच. थबकू द्या! पादुकांपुढं मान सगळ्यांचीच वाकते.

आणि पूर? तो चुकला नाही. कृष्णामाई चढते, पादुकांवरून वाहते, दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करायला लोक मुद्दाम धावत येतात. तो दक्षिणद्वार सोहळा. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर नेतात. २००५ आणि २०१९ साली मात्र सोहळा कसला, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली. तेव्हा वाटतं खरं, की हे लोक उंचावर का जात नाहीत?

पण जायचं तर पादुका कुठं ठेवायच्या? पाणी ओसरतं. पुजारी गाळ उपसतात, पादुका धुतात, पहिला अभिषेक होतो. मग पेढ्या-बासुंदीच्या दुकानांच्या फळ्या उघडतात.

बोला, अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!