हॉफ्सग्रुंडची घंटा



सुट्टी लागली कीं तरुण मंडळींस प्रवासाचे वेध लागतात, हें कांहीं आजचें नाहीं. फरक इतकाच कीं, आमच्या पिढीची सहल सिंहगडापर्यंत किंवा फार तर महाबळेश्वरापर्यंत जात असे, आणि आतांचीं मुलें पारपत्र घेऊन परद्वीपीं जातात. त्यांत वावगें असें कांहींच नाहीं. चार देश पाहिल्यानें माणसाची दृष्टि विशाल होते. परंतु मुलांना निरोप देतांना आपण काय सांगतों? पैसे जपून ठेव, पोंचल्याचें कळव, खाण्यापिण्याची आबाळ करूं नकोस. बरोबरच्या सोबत्याकडे लक्ष ठेव, हें सांगावयाचें मात्र बहुधा राहून जातें. तें कां सांगावें, याचें उत्तर इतिहासांतील एका दिवसानें देऊन ठेविलें आहे. तो दिवस म्हणजे शुक्रवार, १७ एप्रिल १९३६. आज त्याच दिवसाची हकीकत आपणांस सांगण्याचा माझा मानस आहे.

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत श्वार्त्सवाल्ड, म्हणजे काळें अरण्य, या नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. त्याच्या पायथ्याशीं फ्रायबुर्ग हें विद्यापीठाचें शहर वसलेलें असून, शहराच्या पाठीशीं शाउइन्सलांड नांवाचा १,२८४ मीटर उंचीचा डोंगर उभा आहे. पुणेकरांना जसा सिंहगड, तसा फ्रायबुर्गकरांना हा डोंगर. सुट्टीच्या दिवशीं घरचीं माणसें घेऊन जावें, वर फराळ करावा, सायंकाळीं परत यावें, अशी ती जागा. १९३० सालापासून वर जाण्यासाठीं तारेवरून चालणारे पाळणेही तेथें आहेत. मी हें मुद्दाम सांगतों. पुढें जें घडलें तें हिमालयाच्या निर्जन शिखरावर घडलें नाहीं. शहराच्या अंगणांतल्या डोंगरावर घडलें.

त्या वर्षीं ईस्टरच्या सुट्टींत लंडनच्या स्ट्रँड स्कूल या शाळेचीं सत्तावीस मुलें आपल्या एका तरुण शिक्षकाबरोबर तेथें आलीं होतीं. मुलें बारा ते सतरा वर्षांचीं, आणि शिक्षकही सत्तावीस वर्षांचे. सर्वांचीं नांवें इतिहासांत नमूद आहेत. परंतु त्यांचा उच्चार मी येथें करीत नाहीं. कोणाच्या घरचें दुःख नांवानिशीं चव्हाट्यावर मांडण्याची आपल्याला गरज नाहीं. मंडळींचा मुक्काम फ्रायबुर्ग येथील तरुणांच्या वसतिगृहांत होता. तेथून पायीं शाउइन्सलांड ओलांडून पलीकडील टोट्नाउबेर्ग या गांवीं मुक्कामाला जावयाचें, असा त्या दिवसाचा बेत होता.

या वसतिगृहांचा जन्म कसा झाला, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे, कारण त्या जन्मकथेंतही एक शिक्षक आहे आणि एक वादळ आहे. रिखार्ड शिरमान हे जर्मनींतील आल्टेना गांवचे शाळामास्तर. २६ ऑगस्ट १९०९ रोजीं ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायीं सहलीस निघाले असतां ब्र्योल नांवाच्या खोऱ्यांत त्यांना मोठ्या वादळानें गांठलें. तेथील एका शाळेचें दार त्यांच्यासाठीं उघडलें गेलें. मुलांनीं ती रात्र शाळेच्या खोलींत काढली. बाहेर विजा कडाडत असतां शिरमान मास्तरांच्या मनांत आलें कीं, सुट्टींत ओस पडणारी प्रत्येक शाळा जर वाटसरू मुलांना रात्रीपुरती मिळाली, तर किती बरें होईल! या विचारांतूनच पुढें १९१२ सालीं आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यांत पहिलें कायमचें वसतिगृह उभें राहिलें, आणि पाहतां पाहतां ती चळवळ देशोदेशीं पसरली. वादळांत पुढें न जातां आसरा घ्यावा, या साध्या शहाणपणावर तिचा पाया रचलेला होता. त्याच चळवळीच्या एका घरांतून निघालेलीं मुलें सत्तावीस वर्षांनीं वादळांत सांपडावीं, हा दैवदुर्विलास नव्हे तर काय!

मुलें निघालीं तीं वसंतऋतूच्या भरंवशावर. अंगावर हलके कपडे, अर्ध्या विजारी. जाड डगले किंवा टोप्या नाहींत. शिदोरी म्हणाल तर पाव आणि संत्रें. एप्रिल महिना असला तरी त्या डोंगरांत बर्फ पडणें ही नवलाची गोष्ट नाहीं, हें तेथील शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतें. लंडनच्या मुलांना तें कोठून ठाऊक असणार? बर्फ पडूं लागलें तेव्हां त्यांना प्रथम मौजच वाटली. पुढें मात्र वाटेवरच्या खुणा त्याखालीं झांकल्या गेल्या, वाट चुकली, आणि मंडळी डोंगराच्या उभ्या, अवघड अंगानें चढूं लागली.

अनर्थ ओढवण्यापूर्वीं वाटेंत सूचना मिळाली नाहीं, असें नाहीं. खाणावळीच्या बाईनें सांगितलें, हवा बिघडल्यामुळें काम टाकून परतणाऱ्या लाकूडतोड्यांनीं सांगितलें, टपाल वाटणाऱ्यानेंही सांगितलें. तरीही मंडळी पुढेंच जात राहिली. त्या शिक्षकाच्या मनांत त्या वेळीं काय होतें, याचा तर्क घरांत, उबेंत बसून आपण करूं नये. तथापि मनुष्यस्वभावाचा एक धर्म आपण सर्वच जाणतों. अर्धा डोंगर चढून झाला म्हणजे परत फिरणें हा चढलेल्या श्रमाचा अपमान वाटूं लागतो. पुढचा मुक्काम ठरलेला, जेवणाची व्यवस्था पुढें, आणि मागें फिरलों तर हंसें होईल ही भीति. प्रत्येक पावलागणिक परतणें अधिक शहाणपणाचें होत जातें, आणि त्याच पावलागणिक तें अधिक अवघडही होत जातें.

थंडी माणसाला कशी मारते, हेंही समजून घेतलें पाहिजे. कोरड्या हवेंत जी थंडी सोसते, ती भिजलेल्या कपड्यांनीं आणि वाऱ्यानें कित्येक पटींनीं वाढते. आधीं अंग कांपूं लागतें. मग हात कामांतून जातात, बोलणें जड होतें, पाय अडखळतात. पुढें कांपणें थांबतें, आणि हीच सर्वांत भयंकर घटका. कारण त्या वेळीं बुद्धि मंदावलेली असते. विचारलें तर तो मुलगा म्हणतो, “मला कांहीं झालें नाहीं, थोडा वेळ बसतों.” जो बुडत आहे त्यालाच आपण बुडत आहों हें कळत नाहीं. म्हणूनच अशा प्रसंगीं माणसाचे खरे डोळे म्हणजे त्याच्या सोबत्याचे डोळे.

आणि सोबत्यांनीं आपलें कर्तव्य केलें, हें त्या मुलांच्या बाजूनें सांगितलेंच पाहिजे. धीर टिकावा म्हणून मुलें गाणीं म्हणत राहिलीं. लहान मुलें गळूं लागलीं तेव्हां मोठ्यांनीं त्यांना आधार दिला, ओढलें, उचलून नेलें. परंतु ज्यांना उचलावयाचें ते वाढत गेले, आणि उचलणारे कमी होत गेले. दिवस मावळला. पलीकडच्या उतारावर हॉफ्सग्रुंड नांवाचें एक लहानसें शेतकऱ्यांचें खेडें आहे. सायंकाळीं तेथील चर्चची घंटा वाजली. बर्फाच्या त्या पांढऱ्या अंधारांत ना वाट दिसत होती, ना दिवा. ऐकूं आली ती ही घंटा. तिच्या रोखानें थोडीं मोठीं मुलें खालीं उतरलीं आणि पहिल्या शेतकऱ्याच्या दारावर त्यांनीं थाप मारली.

यानंतर त्या खेड्यानें जें केलें तें मनांत कोरून ठेवण्यासारखें आहे.  महायुद्ध संपून पुरतीं अठरा वर्षेंही झालीं नव्हतीं. त्या घरांतील कित्येकांनीं इंग्रजांना शत्रु म्हणून पाहिलें असेल. तरीही दारांतलीं मुलें पाहतांच हॉफ्सग्रुंडच्या माणसांनीं पायांना बर्फावरच्या पट्ट्या बांधल्या, घसरगाड्या घेतल्या, कंदील पेटविले, आणि त्याच वादळांत ते डोंगर चढूं लागले. रात्रीं उशिरापर्यंत त्यांनीं एकेका मुलाला शोधून घरीं आणलें, चुलीजवळ निजविलें, अंगें चोळलीं. अठ्ठावीस जणांपैकीं तेवीस वांचले. पांच मुलें मात्र दगावलीं. त्यांतील सर्वांत लहान बारा वर्षांचा होता.

पुढची कथा राजकारणाची आहे, आणि ती तितकीच बोधप्रद आहे. त्या वेळीं जर्मनींत हिटलरचें राज्य होतें. अवघ्या सहा आठवड्यांपूर्वीं, ७ मार्च रोजीं, त्यानें ऱ्हाईनकांठच्या प्रदेशांत सैन्य घुसविलें होतें, आणि इंग्लंडचें मन राखणें त्याला सोयीचें होतें. मग काय विचारतां! मृत मुलांच्या पेट्यांना हिटलरच्या तरुण-संघटनेचा पहारा बसला, मोठा समारंभ झाला, आणि १९३८ सालीं त्याच संघटनेनें डोंगरावर दगडी स्मारक उभारलें. रात्रभर बर्फ तुडविणारे शेतकरी मागें राहिले, आणि गौरवाचे धनी दुसरेच झाले. ज्या शिरमान मास्तरांनीं वसतिगृहें उभारलीं, त्यांनाही त्याच राजवटीनें त्याच १९३६ सालीं आपल्या आंतरराष्ट्रीय अध्यक्षपदावरून दूर व्हावयास लावलें. मृतांपैकीं एका मुलाच्या वडिलांनीं स्वतः जर्मनींत जाऊन चौकशी केली, आणि त्यांनीं शिक्षकालाच जबाबदार धरलें; लंडनच्या कौंटी कौन्सिलनें मात्र शिक्षकाला दोषमुक्त ठरविलें. अनेक वर्षांनंतर फ्रायबुर्गच्या अभ्यासकांनीं कागदपत्रें धुंडाळून हकीकत पुन्हां जुळविली, तेव्हां कोठें त्या खेडुतांचें श्रेय लोकांच्या नजरेंत भरलें.

अशा अपघातांतून राष्ट्रें शिकतात, पण फार सावकाश शिकतात. नोव्हेंबर १९७१ मध्यें स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पठारावर हिमवादळांत पांच शाळकरी मुलें आणि त्यांची एक शिकाऊ मार्गदर्शिका मृत्यु पावलीं. त्यानंतर मुलांना डोंगरावर नेणाऱ्यांच्या शिक्षणाकडे आणि पात्रतेकडे तेथें अधिक काटेकोरपणें पाहिलें जाऊं लागलें. मार्च १९९३ मध्यें लाइम उपसागरांत होड्या उलटून चार विद्यार्थी गेले. त्यानंतर १९९५ सालीं तरुणांच्या अशा उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा केला. कायदा हवाच. परंतु कायदा डोंगरावर आपल्या शेजारीं चालत नाहीं. शेजारीं चालतो तो मित्र.

तेव्हां परदेशीं निघालेल्या आमच्या मुलामुलींना मी चार गोष्टी सांगूं इच्छितों. पहिली, निघतांना माणसें मोजा, आणि दर मुक्कामाला पुन्हां मोजा. दोघादोघांची जोडी ठरवा, म्हणजे प्रत्येकावर कोणाची तरी नजर राहील. दुसरी, आपण कोठें चाललों आणि केव्हां परतणार, हें मागें राहणाऱ्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. भारतीय दूतावासाचा पत्ता आणि क्रमांक प्रत्येकाच्या खिशांत असूं द्या, पुढाऱ्याच्या एकट्याच्या खिशांत नको. युरोपांत संकटकाळीं ११२ हा क्रमांक फिरवावा; १९९१ सालीं तेथील राष्ट्रांनीं तो एकमतानें ठरविला, आणि आतां आपल्या देशांतही तोच आहे. डोंगरांत यंत्र चालेनासें झालें तर मिनिटाला सहा वेळां शीळ घालावी किंवा दिवा दाखवावा, मग एक मिनिट थांबून पुन्हां तसेंच करावें. आल्प्स पर्वतांत ही खूण १८९४ सालापासून रूढ आहे, आणि तिचें उत्तर मिनिटाला तीन वेळां येतें. तिसरी गोष्ट, त्या गांवचा माणूस “जाऊं नका” म्हणाला तर त्याचें ऐका; तुमच्या नकाशापेक्षां त्याचें आयुष्य त्या डोंगराशीं अधिक परिचित असतें.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण आहे, आणि ती मी जन्मभर शाळेंत काढलेला माणूस म्हणून सांगतों. आम्हीं मुलांना आज्ञा पाळावयास शिकवितों, आणि तें योग्यच आहे. पण सत्तावीस मुलांच्या रांगेंत ज्याचे पाय बधिर झाले आहेत, त्याला “गुरुजी, मला पुढें जाववत नाहीं” असें म्हणण्याचें बळ कोण देणार? आणि शेजारच्याची जीभ अडखळूं लागली असतां, “हा बरा नाहीं, आपण थांबलें पाहिजे” असें सर्वांदेखत बोलण्याचें धैर्य कोण देणार? तरुणांच्या मेळाव्यांत भित्रा ठरण्याची भीति मरणाच्या भीतीहून मोठी असते. हीच गोष्ट डोंगराची, तीच समुद्रकांठची, आणि तीच परक्या शहरांतल्या रात्रींची. एखादा मित्र शुद्धींत नसतां, “तो येईल मागून” असें म्हणून बाकीचे निघून जातात. मागें राहिलेला एकटाच असतो, आणि पुढें गेलेल्या प्रत्येकाला वाटतें, दुसरा कोणी त्याच्याजवळ आहे.

आपल्याकडे हें ज्ञान नवें नाहीं. पंढरीची वारी पाहा. लाखों माणसें चालतात, पण सुटें कोणी चालत नाहीं. प्रत्येकाची दिंडी ठरलेली, दिंडीचा क्रम ठरलेला. थकलेल्या म्हाताऱ्यासाठीं पाऊल मंद होतें, आणि कोणी दिसेनासा झाला तर त्याची विचारपूस होते. या चालण्याला भक्तीचें नांव आहे, पण त्यांत प्रवासाचें शास्त्रही आहे. आमच्या मुलांनीं परदेशीं जातांना कपडे तेथले घालावे, भाषा तेथली बोलावी. दिंडीचा हा धर्म मात्र येथूनच बरोबर न्यावा.

हॉफ्सग्रुंडची घंटा त्या सायंकाळीं कोणाला वांचविण्यासाठीं म्हणून वाजली नव्हती. रोजच्या नेमाप्रमाणें ती वाजली, आणि रोजच्या नेमानेंच तेवीस प्राण वांचले. सोबत्याकडे वळून पाहण्याचाही असाच नेम असावा. संकट आल्यावर तो लावावयास वेळ मिळत नाहीं.