१८ जुलै १८५७ : मुंबई विद्यापीठाची स्थापना

उत्तरेत उठावाचा वणवा पेटलेला असताना या दिवशी मुंबई विद्यापीठाचा कायदा मंजूर झाला. वुडच्या १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याचे हे फळ. नमुना लंडन विद्यापीठाचा. त्यामुळे कित्येक वर्षे विद्यापीठ म्हणजे केवळ परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी कचेरी होती, शिकवणे महाविद्यालयांकडे. पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले ते चौघेच, पण त्यांत न्या. महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते! पुढे याच विद्यापीठाने उच्च परीक्षांतून देशी भाषा वगळल्या. मराठीला परत स्थान मिळावे म्हणून रानडे आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी एम.ए.च्या परीक्षेत आली. मराठी मुलखातील विद्यापीठाला यासाठी इतकी वर्षे लागावीत, हे लाजिरवाणेच.

व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. १९१९ मध्ये नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांच्याकडे समाजशास्त्र विभाग सोपवला गेला, १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग निघाला. एके काळी सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेले कार्यक्षेत्र नव्या विद्यापीठांमुळे आक्रसत गेले; गोव्यातील महाविद्यालयेही १९८५ पर्यंत मुंबईलाच जोडलेली होती. आज मुंबईसह ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात.