चव सांगणारा माणूस

वडूजच्या कट्ट्यावर 'वाइन' म्हटलं की डोळ्यांपुढं वाइन शॉप येतं, आणि त्या दुकानात वाइन मागणारा विरळाच. अशा गावात बसून सोमेलिएविषयीच्या अभ्यासाची प्रस्तावना लिहायची, तर आधी शब्दाची ओळख करून दिलेली बरी.

जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचं नातं ओझ्याच्या जनावरांशी होतं. सरदाराचा मुक्काम हलला की सामानाची जनावरं सांभाळायची, हे सोमेलिएचं काम. पुढं कोठाराच्या, मग मद्याच्या तळघराच्या किल्ल्या त्याच्या हाती आल्या आणि शेवटी तो हॉटेलात गिऱ्हाइकाच्या टेबलाशी वाइन सुचवायला उभा राहिला. १९६९ साली लंडनला 'मास्टर सोमेलिए'ची पहिली परीक्षा झाली; नोकरीची विद्या झाली. आता तो खरेदी ठरवतो, वेटरना शिकवतो. नाशिकच्या वायनरीत तर त्याच्यापुढं आयुष्यात पहिल्यांदा वाइन चाखणारी माणसं असतात. पेला दांडीला का धरायचा, इथून सुरुवात. पॅरिसमध्ये त्याची गाठ जाणकाराशी असते. इथं आधी समोरच्याचा संकोच घालवावा लागतो. मला विचाराल तर हे काम जास्त अवघड.

आपल्याकडं द्राक्ष काही नवं नाही. ऑक्टोबर छाटणी, विरळणी, मणी फुगवायला जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात घड बुडवणं, हे बागायतदाराला पाठ आहे. वाइनच्या द्राक्षाचा बारीक, जाड सालीचा, बियांचा मणी पाहून तो नाक मुरडणारच. चाखून पारख करणारा माणूसही आपल्याला ठाऊक आहे. तासगावच्या बेदाणा सौद्यात व्यापारी मूठभर माल तळहातावर घेतो, रंग बघतो, चार दाणे तोंडात टाकतो आणि भाव बोलतो. का, ते सांगत नाही. सांगायची गरजही नसते. सोमेलिएला मात्र ते सांगावंच लागतं, आणि तेही अनोळखी माणसाला कळेल अशा शब्दांत.

हे शब्द सध्या परक्या बागांतून येतात: गूजबेरी, ब्लॅककरंट. ज्यानं ती फळं कधी पाहिलीच नाहीत, त्यानं मान डोलवायची तरी कशाला? करवंद, जांभूळ, आवळा, मातकट, तुरट, खरपूस एवढा ऐवज आपल्या जिभेवर आहेच. आणि काही साम्यं नुसती उपमेपुरती नाहीत. सोव्हिन्यों ब्लां या वाइनमधला हिरवट वास ज्या पायराझिन नावाच्या द्रव्यांचा, तीच ढोबळी मिरचीतही असतात. शिराझ वाइनमधला मिऱ्याचा वास रोटंडोन या द्रव्याचा, आणि मिऱ्यातही तेच रोटंडोन. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली ते दाखवून दिलं.

तेव्हा पहिलं प्रकरण उघडताना बाटली नसली तरी चालेल. ढोबळी मिरचीची एक फोड आणि ठेचलेले दोन मिरे बशीत घेऊन बसा. डोळे मिटून आधी एकाचा वास घ्या, मग दुसऱ्याचा, आणि काय वाटलं ते शेजारच्याला सांगून बघा.